ओटीपी माझ्या नंबरावर

आमच्या लॅबचा जुना कॉम्प्युटर मे महिन्यातल्या एका दुपारी बंद पडला, तो पुन्हा उठलाच नाही. आम्ही त्याला सर्व्हर म्हणायचो, पण होता तो साधा कॉम्प्युटरच. जिन्याखालच्या खोलीत ठेवलेला आणि समोर कूलर लावलेला. त्या दिवशी कूलरचं पाणी संपलं आणि बाहेर काउंटरवर इतकी गर्दी होती की कोणी आत डोकावलंच नाही.

मी त्या लॅबची मॅनेजर. अमरावतीतली रक्त-लघवी तपासायची जुनी लॅब, बडनेरा आणि धामणगाव रेल्वेला एकेक कलेक्शन सेंटर. तिथे रक्त काढायचं, ट्यूबा अमरावतीला पाठवायच्या, तपासणी इथे व्हायची आणि रिपोर्ट ज्याच्या त्याच्या गावात कॉम्प्युटरवरून निघायचा. मी टेक्निशियन म्हणून लागले होते. पुढे काउंटर, मग रिपोर्टचं टेबल, आणि कधीतरी कोणी विचारलं की इथलं कोण बघतं, तर सगळे माझ्याकडे बोट दाखवायला लागले.

लॅबच्या मालकीण डॉक्टर मॅडम. लग्न होऊन पुण्याहून आलेल्या, तीस वर्षं वऱ्हाडात राहूनही बोलणं तिकडचंच. कॉम्प्युटर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं.

"हे बघ, आता सगळे क्लाउडवर जातात. आपणही जाऊ. कोणाकडे जायचं ते तू ठरव. मला त्यातलं काही कळत नाही आणि या वयात कळून घ्यायचंही नाही."

मी बाहेर आले ती दोन इंच उंच होऊन. इतकी वर्षं सुई, कापूस आणि चिठ्ठ्या केल्या होत्या. 'तू ठरव' असं मला आजवर घरात साडीच्या बाबतीतसुद्धा कोणी म्हटलं नव्हतं.

लॅबमध्ये माझ्याहून जुने एकच होते, ते म्हणजे चाचा. मायक्रोस्कोपवर बसून त्यांची पाठ कायमची वाकली होती. त्यांना मी समजावून सांगितलं की आता रिपोर्ट आपल्या कॉम्प्युटरात राहणार नाहीत, दुसऱ्या कोणाच्या मोठ्या कॉम्प्युटरात राहतील आणि आपण ते इंटरनेटवरून पाहायचे.

"कोनत्या गावात राहतीन?" चाचांनी विचारलं.

"ते माहीत नसतं चाचा."

त्यांनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

निवड करायला माझ्यासमोर दोघे होते. एक मोठी कंपनी. तिला फोन लावला की आधी मशीन बोलायचं, मग एक मुलगी हिंदीत बोलायची, मग ती इंग्रजीतला चाळीस पानांचा कागद ईमेलवर पाठवायची. तो कागद मी तीन वेळा उघडला आणि तीनदा चौथ्या पानावर थांबले. दुसरा होता अकोल्याचा एक माणूस. त्याने दवाखान्यांसाठी आणि लॅबसाठी स्वतः सॉफ्टवेअर बनवलं होतं आणि ते क्लाउडवर चालवत होता. तो स्वतः आला. मोटरसायकलवर, रणरणत्या उन्हात, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून. माठातलं पाणी दोन ग्लास प्यायला आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला.

"ताई, तुमाले काय काय लागते थे फक्त सांगा. बाकी माह्यावर सोडा."

आमचा रिपोर्ट कसा निघतो, बडनेऱ्याचं पोरगं काय चुका करतं, शुगरचा आकडा लाल का दिसायला हवा, हे सगळं मी मराठीत बोलले आणि त्याला ते कळलं. अडचण आली तर मला मशीनशी बोलावं लागणार नव्हतं. अकोल्याला फोन लावायचा, तो उचलणार. मी मॅडमना जाऊन सांगितलं, हाच. त्यांनी मान हलवली. एवढीच आमची निवड.

खातं उघडताना त्याने विचारलं, "मोबाईल नंबर कोनाचा टाकू? दर वेळेस उघडलं का त्याच्यावर ओटीपी येईन. शेफ्टी म्हनून."

मॅडमचा फोन त्यांच्या पर्समध्ये बंद असायचा. चाचांकडे बटणांचा फोन, आणि तो शुक्रवारी नमाजाला जाताना टेबलावर राहायचा. मी म्हटलं, माझा टाका.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. चाचा रोजच्या तपासण्या एका लांबलचक रजिस्टरमध्ये हाताने उतरवायचे. कॉम्प्युटर आला तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांची रजिस्टरं माळ्यावर होती. मी रद्दीवाल्याला बोलावलं.

"बेटा, राहू दे ना," चाचा म्हणाले. "जागाच त खाते. रोटी थोडी खाते?"

"चाचा, आता सगळं क्लाउडवर आहे. धूळ कशाला सांभाळायची?"

रद्दीवाल्याने ती गोणीत भरली. त्या दिवसापासून चाचांनी नवीन रजिस्टरही उघडलं नाही.

पहिलं वर्ष मजेत गेलं. धामणगावच्या माणसाचा रिपोर्ट धामणगावला दहा मिनिटांत निघायचा. माझा फोन दिवसभर टिंग टिंग वाजायचा. खातं एकच, पासवर्ड एकच, आणि थोडा वेळ कोणी हात लावला नाही की ते आपोआप बंद व्हायचं. मग बडनेऱ्याचा फोन, "मॅडम, ओटीपी." धामणगावचा फोन, "मॅडम, ओटीपी." मी सहा आकडे वाचून दाखवायचे. घरी नवरा हसायचा, तुझ्याशिवाय लॅबचं कुलूप उघडत नाही म्हणायचा. मला ते आवडायचं, हे मी आता कबूल करते.

आवडणं कधी संपलं ते नेमकं सांगता येणार नाही. मी आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायला लागले. चुलत सासऱ्यांच्या तेराव्याला मी पंगतीतून तीनदा उठले. शेवटी एक म्हातारी आत्या मोठ्यानं म्हणाली, "हिले जेवू त द्या रे कोनी!" सिनेमाला जाणं बंद झालं. रविवारी लॅब अर्धा दिवस, म्हणून रविवारी दुपारनंतरच माझा श्वास मोकळा व्हायचा.

चौथ्या वर्षी कार्तिकात आम्ही कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो. जाऊ फार दिवस मागे लागली होती. मी सकाळीच दोन्ही सेंटरला बजावलं होतं की खातं उघडं ठेवा, बंद होऊ देऊ नका. दर्शन झालं, नदीवर गेलो, आणि फोन काढला तर रेंज नाही. एवढी माणसं एका जागी, कोणाचाच फोन लागत नव्हता. मी गर्दीतून उलटी चालत सुटले. चप्पल तुटली, ती हातात घेतली. रस्त्याला लागून एका ट्रॅक्टरवर चढले तेव्हा कुठे फोनला जीव आला, आणि एकामागून एक सतरा मेसेज पडले. बडनेऱ्याच्या एका बाईला ऑपरेशनला घ्यायचं होतं आणि डॉक्टर तिच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबले होते. दीड तास. चाचांनी शेवटी तपासणीचे आकडे मशीनवरून पाहून फोनवर सांगितले आणि ऑपरेशन झालं. बाई बरी झाली. पण मी त्या ट्रॅक्टरवर बसून रडले. ट्रॅक्टरवाला बिचारा विचारत होता, "कोनी हरवलं का बाई?"

दुसऱ्याच दिवशी मी अकोल्याला फोन केला. "भाऊ, नंबर बदला. नाहीतर दोन-तीन नंबर टाका."

"करतो ना ताई. सोमवारी करतो."

बरेच सोमवार गेले.

जानेवारीत माझ्या मुलीचं बाळंतपण होतं, पुण्यात. मी गेले. लेबर रूमच्या बाहेर बाकावर बसले असताना धामणगावचा फोन आला. मी आकडे वाचून दाखवत होते, चार, शून्य, नऊ, आणि आतून नर्स बाळाला घेऊन बाहेर आली. जावयाने बाळ हातात घेतलं. मी एका हाताने कान झाकून उरलेले तीन आकडे सांगितले आणि मग वळले. मुलीला हे कोणीतरी सांगितलं असावं. संध्याकाळी ती पडल्या पडल्या म्हणाली, "आई, तू परत जा. तुझं लक्ष नाहीये इथे." ती चिडून बोलली नव्हती, म्हणून जास्त लागलं. ठरवलेले दोन महिने मी दहा दिवसांत आटोपले.

परत आले आणि मॅडमना सांगितलं की मला हे जमत नाही, मला सोडा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सोडते की. पण तुझा नंबर त्यातून निघाल्याशिवाय तू गेलीस तर लॅबला कुलूप लावावं लागेल. आणि निवड तुझीच होती ना?"

खोटं काहीच नव्हतं त्यात. मी अकोल्याला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद, आठवड्यानंतरही बंद. सॉफ्टवेअर चालत होतं, रिपोर्ट निघत होते, ओटीपी येत होते, पण ज्याला विचारायचं तो माणूसच नाहीसा झाला होता. मी स्वतः सगळी बटणं दाबून पाहिली. सगळे रिपोर्ट एकदम बाहेर काढायचं बटण कुठेच नव्हतं. एक पेशंट उघडायचा, त्याचा एक रिपोर्ट उघडायचा, तो उतरवून घ्यायचा. बस. मोठ्या कंपनीला फोन केला तर ती मुलगी म्हणाली, आमच्याकडे जरूर या, पण जुना डेटा तुम्हालाच आणावा लागेल.

चैत्रात मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. बिलावर पत्ता होता. मूर्तिजापूर जाईपर्यंत मी मनात भांडण पाठ करत होते. हा माणूस लुच्चा निघाला, आपल्याला गोड बोलून अडकवलं आणि पळाला, असं मी धरूनच चालले होते. पोलिसात जाईन म्हणायचं, हेही ठरवलं होतं.

दार त्याच्या बायकोने उघडलं. मी लॅबचं नाव सांगताच तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "ताई, थे कोनाले भेटत नाईत." पण दारातून हललीही नाही. मग आतूनच आवाज आला, "येऊ दे त्याह्यले."

तो पलंगावर बसला होता. दाढी वाढलेली, खिडकी लावून घेतलेली, भर दुपारी ट्यूबलाइट चालू. टेबलावर मोबाईल होता, बंद.

पाठ केलेलं मी बोललेच. नमस्कारही न करता. "भाऊ, तुम्ही फोन काहून बंद ठेवला? तिकडे माझा जीव अडकून राह्यला! नंबर बदलायला काय लागते तुमाले?" रागावले की माझ्या तोंडी माहेरची बोली येते.

तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, मी बदलूच शकत नाई."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं ते असं. सॉफ्टवेअर त्याचं होतं, पण ते जिथे ठेवलं होतं ती जागा त्याने एका मोठ्या क्लाउड कंपनीकडून घेतली होती. सुरुवातीला तो आणि त्याचा एक मित्र असे दोघे भागीदार होते. तिथलं मुख्य खातं मित्राने उघडलं, मित्राच्या ईमेलवर, मित्राच्या मोबाईलवर. तीसेक दवाखाने आणि लॅब त्या एका खात्यात. दोघांचं बिनसलं, मित्र परदेशात गेला, आणि आता तो फोन उचलत नव्हता, ईमेलला उत्तर देत नव्हता. कंपनीला लिहिलं तर कंपनी म्हणते, खातं ज्याच्या नावावर आहे त्यालाच आम्ही ओळखतो.

"तुमच्या मोबाईलवर ओटीपी येते त तुमी तरास करून राहिल्या," तो म्हणाला. "माह्यावर त थे बी येत नाई. मीच बनवलेल्या घरात मलेच जाता येत नाई, ताई."

मी त्याला लुच्चा ठरवून आले होते.

"आणि फोन?"

"तीस जन रोज फोन करतेत. तुमच्यासारखेच. काय सांगू?"

त्याच्या बायकोने चहा आणला. तीही तिथेच दाराला टेकून उभी राहिली. तिनेच सांगितलं, त्याने सांगितलं नसतं, की मित्राच्या ज्या कार्डावर ते खातं चालतं त्याची मुदत जूनअखेर संपणार. "मंग सगळंच बंद होईन म्हनतेत."

"सगळं म्हणजे? रिपोर्ट?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते आणि हातात फोन होता. बोरगाव मंजूजवळ तो वाजला. धामणगाव. मी आकडे वाचून दाखवले. आता हे आकडे जूनपर्यंतच आहेत, आणि मग सुटका, असं क्षणभर मनात आलं. लगेच रिपोर्ट आठवले. चार वर्षांचे रिपोर्ट त्यात होते. किडनीच्या पेशंटचे क्रिएटिनिन, थायरॉइडवाल्यांचे टीएसएच, मागच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय ज्यांना काही अर्थ नाही असे. आणि हाताने लिहिलेलं एक पानही नव्हतं.

मॅडमना मी हे सगळं सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुला एकटीला टाकलं त्यात." मग खुर्ची सरकवून म्हणाल्या, "चल, सांग, कुठून सुरू करायचं?"

आम्ही एकेक रिपोर्ट उतरवून घ्यायला बसलो. रोज दुपारी, सँपल कमी झाले की. आधी किडनीचे, मग डायबिटीसचे, मग थायरॉइड आणि गरोदर बायका, मग जमलं तर बाकीचे. मॅडम स्वतः एका कॉम्प्युटरवर, दोन बोटांनी. मी दुसऱ्यावर. चाचा तिसऱ्यावर. त्यांनी आयुष्यात माउस धरला नव्हता, तो हातात घेऊन त्यांनी उंदरासारखा उलटा करून पाहिला. नाव वाचायचं, उघडायचं, उतरवायचं, बंद करायचं. अकोल्याच्या माणसानेही फोन चालू केला. मी त्याला म्हटलं होतं, बाकी एकोणतीस जणांनाही हेच सांगा, लपून काय होणार? त्याने एकेकाला फोन करून सांगितलं. शिव्याही खाल्ल्या असणार. दोनदा तो स्वतः आमच्याकडे येऊन दिवसभर उतरवायला बसला.

चाचा त्या दोन-अडीच महिन्यांत रजिस्टरांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीच एकदा न राहवून म्हटलं, "चाचा, मी चुकले. ती रजिस्टरं..."

"अगला नाव वाच बेटा," ते म्हणाले. "वेळ चालला."

तीस जूनला आम्ही संध्याकाळी सहापर्यंत उतरवत होतो. एक जुलैला सकाळी पान उघडलंच नाही. चार वर्षांपैकी अडीच वर्षांहून थोडे जास्त भरतील एवढेच रिपोर्ट हाती आले होते.

नवीन कंपनी आम्ही मे महिन्यातच शोधायला घेतली होती. या वेळी मॅडम, मी आणि चाचा तिघेही फोनच्या स्पीकरभोवती बसायचो. पलीकडची मुलगी काय काय मिळेल ते सांगायला लागली की मी तिला थांबवायचे. "ते नंतर. तुम्हाला सोडून जायचं असलं तर आमचे सगळे रिपोर्ट एकत्र, कोणत्या रूपात आणि किती दिवसांत द्याल? खातं कोणाच्या नावावर? नंबर आम्ही स्वतः बदलू शकतो का?" एक जण म्हणाला, "मॅम, अभी तो आप आए भी नहीं, जाने की बात क्यों?" त्याला आम्ही नाही म्हटलं. दुसऱ्या कंपनीने तीन ओळी लिहून दिल्या, ती घेतली. चाळीस पानांचा कागद तिच्याकडेही होता. यंदा मी तो पूर्ण वाचला, पुण्याला माझ्या मुलीला रोज संध्याकाळी फोन लावून, पान पान. ती बाळाला मांडीवर घेऊन अर्थ सांगायची. खातं लॅबच्या नावावर, आणि तीन नंबर: मॅडमचा, बडनेरा सेंटरच्या पोराचा आणि माझा. मॅडम आता फोन पर्समधून बाहेर ठेवतात.

मी नोकरी सोडली नाही. सोडायची परवानगी मिळाली आणि मग सोडावंसं वाटेना, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं कारण वेगळं आहे. जे सापडत नाही ते विचारायला लोक येतात, आणि त्यांना दुसऱ्या कोणी तोंड द्यावं हे मला पटत नाही.

मागच्या महिन्यात धामणगावचे एक गृहस्थ आले. रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. आता मुलीला तसाच त्रास सुरू झाला होता आणि नागपूरच्या डॉक्टरांनी आईचे जुने रिपोर्ट मागवले होते. मी नाव टाकलं. नाही. स्पेलिंग बदलून टाकलं. नाही. त्यांच्या बायकोची तपासणी साधी होती, आमच्या यादीत ती शेवटच्या ढिगात गेली असणार, जिथवर आम्ही पोहोचलोच नाही.

"काका, नाही सापडत," मी म्हटलं. "आमच्या हातून गेले. मी ज्यांना निवडलं होतं त्यांच्याकडे होते, ते बंद पडलं."

ते काउंटरवर हात ठेवून उभे राहिले. "मले वाटलं तुमच्या इथं सगळं राह्यते," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "घरचे कागद मी तिच्या मांगं जाळून टाकले. लॅबमंदी हायेत म्हनून."

मी त्यांना आत घेतलं, बसवलं. मुलीचं रक्त कधी काढायचं ते विचारलं, आणि आईला काय काय व्हायचं, कधीपासून, ते आठवेल तेवढं सांगा म्हटलं. ते सांगत गेले. मी एका कोऱ्या कागदावर लिहून घेत गेले.